रिकामे सेल आणि फॉर्म्युले: कुठे शून्य धरायचं, कुठे थांबायचं

उभा_आडवा (धागालेखक)

आकडे बरोबर आहेत, फॉर्म्युलाही बरोबर दिसतोय, तरी उत्तर पटत नाही, असं झालं की आधी रिकाम्या सेलकडे बघावं. या विषयावर तुकड्या-तुकड्यांत बरंच विचारलं जातं, म्हणून सगळं एका जागी आणायला हा धागा.

वाचण्याआधी एक सूचना: इथे फंक्शनची नावं आणि सेलचे पत्ते देवनागरीत लिहिले आहेत. शीटमध्ये टाइप करताना ते रोमन अक्षरांत आणि रोमन आकड्यांत टाकायचे. वेगळं काही म्हटलं नसेल तिथे एक्सेल धरा. गूगल शीट्सचे फरक पुढे येतीलच.

मुळात सेल रिकामा असतो त्याचे तीन वेगवेगळे अर्थ असू शकतात. एक, आकडा अजून आलेला नाही. दोन, आकडा शून्यच आहे, पण कोणी ० लिहिलं नाही. तीन, त्या ओळीला तो रकाना लागूच नाही. एक्सेलला हे तिन्ही सारखेच दिसतात. कुठला अर्थ धरायचा ते आपण फॉर्म्युल्यात लिहिलं नाही, तर एक्सेल स्वतःच्या नियमाने धरतं, आणि तो नियम जागोजागी बदलतो:

बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकाराच्या चिन्हांत रिकामा सेल म्हणजे ०.
सम, ॲव्हरेज, मिन, मॅक्स, काउंट यांना रेंज (बी२:डी२ असा सेलचा पट्टा) दिली तर रिकामा सेल जणू नाहीच.
तुलनेत रिकामा सेल ० च्याही बरोबर असतो आणि "" (दोन अवतरणचिन्हं, मध्ये काहीच नाही) च्याही. म्हणजे बी२ रिकामा असेल तर =बी२=० ला ट्रू येतं, आणि =बी२="" लाही ट्रूच येतं.

हा तिसरा नियम सगळ्यात जास्त फसवतो. =इफ(बी२=०,"शिल्लक नाही","आहे") असं लिहिलं की ज्या मालाची मोजणीच झालेली नाही त्याच्यापुढेही "शिल्लक नाही" येतं. रिकाम्याची तपासणी नेहमी शून्याच्या आधी करायची:

=इफ(बी२="","मोजायचं आहे",इफ(बी२=०,"शिल्लक नाही","आहे"))

क्रम उलटा केला की पहिलीच अट रिकाम्या सेलला गिळते.

नग गुणिले दर असा साधा हिशोब असेल तर मला हा साचा सगळ्यात भरवशाचा वाटतो:

=इफ(काउंट(बी२:सी२)<२,"",बी२*सी२)

काउंट फक्त आकडे मोजतं. दोन्ही आकडे आले तरच गुणाकार, नाहीतर सेल कोरा. बी२="" तपासण्यापेक्षा हे बरं, कारण कोणी दराच्या जागी "विचारून सांगतो" असा मजकूर टाकला तरी #व्हॅल्यू! (आकड्याच्या जागी मजकूर आल्याची एरर) येत नाही.

---

रकानेवाली

चांगला विषय. पहिल्या पोस्टमध्ये एक गोष्ट राहिली: "रिकामा" दिसणारा प्रत्येक सेल रिकामा नसतो. एका कोऱ्या शीटवर हे करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

बी२ ला काहीच करू नका. बी३ मध्ये ="" टाका. बी४ मध्ये स्पेसबार एकदा दाबून एंटर करा. बी५ मध्ये ०. बी६ मध्ये फक्त एकेरी अवतरणचिन्ह टाकून एंटर. बी५ सोडला तर चारही सेल डोळ्यांना कोरेच दिसतात. आता बाजूला मोजा:

=इझब्लँक() (सेल रिकामा आहे का) फक्त बी२ ला ट्रू देतं.
=लेन() (अक्षरं किती) अनुक्रमे ०, ०, १, १, ० देतं.
सेलमध्ये १ मिळवला तर बी२ ला १, बी५ ला १, बाकी तिघांना #व्हॅल्यू!
=काउंटए(बी२:बी६) (काहीही असलेले सेल) चार.
=काउंटब्लँक(बी२:बी६) (कोरे सेल) तीन.
=काउंट(बी२:बी६) एक.

सेल पाच, आणि काउंटए व काउंटब्लँकची बेरीज सात! बी३ आणि बी६ दोन्हीकडे मोजले गेले. म्हणून "एकूण ओळी वजा काउंटए म्हणजे किती बाकी" हा हिशोब फॉर्म्युल्याने भरलेल्या कॉलमवर कधी करू नये. खरोखर काही लिहिलेले सेल मोजायचे असतील तर (ट्रिम जादा स्पेस काढतं):

=सम्प्रॉडक्ट(--(लेन(ट्रिम(बी२:बी६))>०))

याचं उत्तर १ येतं, ते बी५ चं.

काउंटइफच्या अटींचंही असंच आहे. "" अट दिली तर तीन मोजतं, "=" दिली तर फक्त खरा रिकामा एक, आणि "<>" दिली तर उरलेले चार. "<>" म्हणजे "भरलेला" असं गृहीत धरून केलेल्या याद्या इथेच चुकतात.

---

बेरीज_बरोबर

मग इझब्लँक वापरायचंच नाही का?

---

रकानेवाली

माणूस जिथे हाताने भरतो त्या सेलला चालतं. जिथे दुसरा फॉर्म्युला "" देतोय तिथे नाही, कारण फॉर्म्युला असलेला सेल इझब्लँकच्या लेखी कधीच रिकामा नसतो. बी२="" ही तपासणी दोन्हीकडे चालते, म्हणून तीच हाताला लावून घ्यावी. स्पेस पडण्याची शक्यता असेल तर ट्रिम(बी२)="".

दुसऱ्या प्रणालीतून किंवा वेबपानावरून चिकटवलेल्या माहितीत कधी कधी साधा स्पेस नसून "न तुटणारा" स्पेस असतो, कोड १६०. ट्रिम त्याला हात लावत नाही. लेन १ देतंय, ट्रिम करूनही १ च राहतंय, तर हे करा:

=ट्रिम(सबस्टिट्यूट(बी२,यूनिचार(१६०),""))

---

उभा_आडवा

रकानेवालींनी दिलेल्या उदाहरणातला बी३ नीट लक्षात ठेवा. पुढच्या बऱ्याच भानगडी त्याच्याच आहेत. "" हा मजकूर आहे, लांबी शून्य असलेला. एक्सेलच्या तुलनेत कुठलाही मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा असतो. त्यामुळे गुणांच्या रकान्यात फॉर्म्युल्याने "" आलं असेल आणि पुढे

=इफ(डी२>=४०,"उत्तीर्ण","अनुत्तीर्ण")

असेल, तर ज्याचे गुणच नाहीत तो उत्तीर्ण होतो. तोच सेल खरा रिकामा असता तर ० धरून अनुत्तीर्ण झाला असता. दोन्ही उत्तरं चूक, आणि दोन्ही वेळा एरर नाही. बरोबर रूप:

=इफ(इझनंबर(डी२),इफ(डी२>=४०,"उत्तीर्ण","अनुत्तीर्ण"),"गुण बाकी")

उतरत्या क्रमाने सॉर्ट केल्यावर वर कोऱ्या ओळींचा गठ्ठा येतो, त्याचंही कारण हेच. खरे रिकामे सेल एक्सेल चढत्या आणि उतरत्या दोन्ही क्रमांत तळाला ठेवतं. पण "" मजकूर असल्यामुळे उतरत्या क्रमात आकड्यांच्या वर बसतो.

---

सरासरी_माणूस

सरासरीबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे चूक दिसत नाही.

तीन चाचण्या: ८०, रिकामा, ६०. =ॲव्हरेज(बी२:डी२) चं उत्तर ७०, =(बी२+सी२+डी२)/३ चं ४६.६७. दुसरी चाचणी झालीच नसेल तर ७० बरोबर. विद्यार्थी गैरहजर होता आणि नियमाप्रमाणे शून्य धरायचं असेल तर ४६.६७ बरोबर. पण त्यासाठी सेलमध्ये ० लिहा; /३ वर विसंबू नका. उद्या चौथी चाचणी आली की तो ३ तसाच राहतो.

तिन्ही रिकामे असतील तर ॲव्हरेज #डिव्ह/०! देतं. त्याला इफएररने (एरर आली की तिच्या जागी दुसरं उत्तर देणारं फंक्शन) झाकण्याऐवजी:

=इफ(काउंट(बी२:डी२)=०,"",ॲव्हरेज(बी२:डी२))

इफएरर आत आलेली खरी चूकही गिळतं. बी२ मध्ये #रेफ! (फॉर्म्युल्यातला सेलच उडाल्याची एरर) असेल तर ते दिसायलाच हवं.

गुण दुसऱ्या शीटवरून =चाचणी!सी५ असे ओढले असतील तर अडचण वाढते. तिथला सेल रिकामा असला तरी इथे ० येतो, आणि ॲव्हरेज तो ० इमानाने मोजतं. त्यात "शून्य दाखवू नका" हे सेटिंग किंवा ०;-०;;@ असा नंबर फॉरमॅट लावलेला असेल तर तो ० दिसतही नाही. कोरा दिसणारा सेल सरासरी खाली ओढत बसतो. ओढतानाच असं लिहा:

=इफ(चाचणी!सी५="","",चाचणी!सी५)

याने आलेला "" ॲव्हरेज सोडून देतं. ॲव्हरेजए मात्र त्याला ० धरतं, म्हणून तिकडे जाऊ नका. ॲव्हरेजइफ आणि "<>०" हा उपायही सुचवला जातो. तो खरोखर शून्य मिळवलेल्याचं शून्यही पुसतो.

भारित सरासरीत तर भार आणि गुण दोन्ही सांभाळावे लागतात. भार २०, ३०, ५० आणि गुण ८०, रिकामा, ६० घ्या. नेहमीचं सम्प्रॉडक्ट(भार,गुण)/सम(भार) केलं तर (१६००+०+३०००)/१०० = ४६. मधल्या विषयाचा भार ३० छेदात राहिला, अंशात काहीच आलं नाही. छेदातही फक्त गुण आलेल्या विषयांचाच भार घ्यायचा. भार बी२:बी४ आणि गुण सी२:सी४ मध्ये असतील तर:

=सम्प्रॉडक्ट(बी२:बी४,सी२:सी४)/सम्प्रॉडक्ट(--इझनंबर(सी२:सी४),बी२:बी४)

४६०० भागिले ७०, म्हणजे ६५.७१. सम्प्रॉडक्टमध्ये रेंज स्वल्पविरामाने वेगळ्या ठेवा. मध्ये गुणाकाराचं चिन्ह टाकलं आणि सी३ मध्ये "" किंवा "गैरहजर" असलं तर #व्हॅल्यू! येतं, स्वल्पविराम असेल तर मजकूर ० धरला जातो.

---

नवी_शीट

गुणाकाराला प्रॉडक्ट वापरलं तर? ते सुद्धा रिकामे सेल सोडून देतं ना?

---

सरासरी_माणूस

सोडून देतं, आणि तेच धोक्याचं आहे. नग १२, दर रिकामा: बी२*सी२ ला ० येतं, पण =प्रॉडक्ट(बी२:सी२) ला १२. म्हणजे दर १ धरल्यासारखं झालं. एकूण रकमेत हा १२ मिसळला की शोधून सापडत नाही. वर दिलेला काउंट(...)<२ वाला साचाच घ्या.

मिन आणि मॅक्सचंही बघून ठेवा. सगळी रेंज रिकामी असेल तर ते एरर न देता ० देतात. तारखांच्या कॉलमवर "सर्वांत जुनी तारीख" काढत असाल तर १९०० सालची विचित्र तारीख समोर येते.

---

तारीख_पे_लक्ष

तारखा निघाल्याच आहेत तर त्यावर लिहितो. तिथे रिकाम्या सेलचे परिणाम सगळ्यात विचित्र दिसतात आणि ओळखायलाही सगळ्यात सोपे असतात.

एक्सेलमध्ये तारीख म्हणजे दिवसांचा अनुक्रमांक. १ जानेवारी १९०० म्हणजे १, आणि १५ मार्च २०२४ म्हणजे ४५३६६. रिकामा सेल ० असल्यामुळे:

सुरुवातीची तारीख बी२ रिकामी, शेवटची सी२ मध्ये १५ मार्च २०२४. =सी२-बी२ चं उत्तर ४५३६६ दिवस. दिवसांच्या कॉलममध्ये ४५ हजाराच्या आसपासचा आकडा दिसला की डोळे झाकून समजावं, सुरुवातीची तारीख राहिली आहे.

उलट शेवटची तारीख राहिली तर उत्तर ऋण येतं. सेलला तारखेचा फॉरमॅट असेल तर नुसती #### ची रांग दिसते, आणि कॉलम कितीही रुंद केला तरी जात नाही.

जन्मतारीख रिकामी असताना =डेटडिफ(बी२,टुडे(),"वाय") ने काढलेलं वय १२० च्या पुढे जातं.

=इफ(सी२<टुडे(),"मुदत संपली","") हे मुदत न टाकलेल्या प्रत्येक ओळीवर "मुदत संपली" असं छापतं. उपाय:

=इफ(अँड(इझनंबर(सी२),सी२<टुडे()),"मुदत संपली","")

कंडिशनल फॉरमॅटिंगलाही हीच अट द्या, फक्त कॉलमच्या अक्षराआधी डॉलर लावून: $सी२. "लेस दॅन" चा तयार नियम वापरला तर रिकामे सेलही रंगतात.

आता महिन्यानुसार बेरीज. हे असं पुष्कळ फायलींत असतं:

=सम्प्रॉडक्ट((मंथ(ए२:ए१००)=१)*सी२:सी१००)

रिकाम्या सेलचं मंथ एक्सेलमध्ये १ येतं. म्हणजे तारीख न टाकलेल्या सगळ्या रकमा जानेवारीत जमा होतात. हाच फॉर्म्युला गूगल शीट्समध्ये नेला तर त्या डिसेंबरमध्ये जातात, कारण तिथे शून्यावा दिवस ३० डिसेंबर १८९९ आहे. फरक का? एक्सेलने १९०० हे लीप वर्ष धरलं आहे. लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रॅममध्ये ती चूक होती, आणि फायली जुळाव्यात म्हणून एक्सेलने ती तशीच ठेवली. शीट्सने आरंभच मागे घेतल्यामुळे १ मार्च १९०० पासून पुढचे अनुक्रमांक दोन्हीकडे सारखे येतात.

या फॉर्म्युल्याला ठिगळ लावत बसू नका. सरळ तारखेच्या हद्दी द्या:

=समइफ्स(सी२:सी१००,ए२:ए१००,">="&डेट(२०२४,१,१),ए२:ए१००,"<"&डेट(२०२४,२,१))

समइफ्सच्या मोठा-लहान अटीत रिकामा सेल बसतच नाही, "" सुद्धा नाही. दुसऱ्या वर्षाचा जानेवारी मिसळत नाही, हाही फायदा.

---

बेरीज_बरोबर

रोजच्या जमाखर्चात शिल्लक काढताना मधली एखादी ओळ कोरी सोडली की खालचं सगळं #व्हॅल्यू! होतं. बी जमा, सी खर्च, डी शिल्लक. डी५ मध्ये असं आहे:

=इफ(काउंट(बी५:सी५)=०,"",डी४+बी५-सी५)

---

रकानेवाली

डी४ ची ओळ कोरी असल्यामुळे तिथे "" आलंय, आणि "" मध्ये आकडा मिळवता येत नाही. एन फंक्शन मजकुराला ० करतं. एन(डी४)+एन(बी५)-एन(सी५) असं लिहिलं की एरर जाईल.

---

उभा_आडवा

एरर जाईल, पण उत्तर चुकेल. आकडे घालून बघू. ओळ २ ला जमा ५००, ओळ ३ ला खर्च १२०, ओळ ४ कोरी, ओळ ५ ला खर्च ८०. डी३ पर्यंत शिल्लक ३८०. डी४ "" आहे, एन(डी४) म्हणजे ०, म्हणून डी५ मध्ये उणे ८० येतं. हवे होते ३००. #व्हॅल्यू! निदान ओरडून सांगत तरी होतं.

वरच्या शिलकेवर अवलंबून न राहता सुरुवातीपासून बेरीज घ्या:

=इफ(काउंट(बी२:सी२)=०,"",सम(बी$२:बी२)-सम(सी$२:सी२))

डी२ मध्ये टाकून खाली ओढा. ५००, ३८०, कोरा, ३०० असं येईल. मधली ओळ काढली किंवा सॉर्ट केलं तरी तुटत नाही.

दहा हजार ओळी असतील तर मात्र हे जड जातं. प्रत्येक ओळ वरच्या सगळ्या ओळी पुन्हा मोजते, म्हणजे एका कॉलमला जवळपास ५ कोटी सेल वाचले जातात. तेव्हा दोन कॉलम करा. ई२ मध्ये =एन(ई१)+एन(बी२)-एन(सी२) आणि खाली ओढा; यात "" कुठेच येत नाही, म्हणून साखळी तुटत नाही. ई१ मधलं शीर्षक एनमुळे ० होतं. डी२ मध्ये =इफ(काउंट(बी२:सी२)=०,"",ई२) आणि ई कॉलम लपवून टाका.

---

रकानेवाली

बरोबर, माझी चूक. एन फक्त मूळ आकड्यांवर वापरावं, चालू शिलकेवर नाही. दोन कॉलमची पद्धतच घ्या.

---

नवी_शीट

व्हीलुकअपने (दुसऱ्या यादीतून जुळणारी ओळ शोधून) आणलेला रिकामा सेल ० होऊन येतो. मागे &"" जोडलं की कोरं येतं. हे चालेल का?

---

सरासरी_माणूस

नाव, पत्ता, शेरा असल्या मजकुराच्या कॉलमला चालेल. आकड्यांना नाही. &"" लावलं की २५० सुद्धा "२५०" हा मजकूर होतो, आणि खालचा सम त्याला मोजत नाही. बेरीज ० येते आणि सगळे आकडे डोळ्यांसमोर दिसत असतात. आकड्यांसाठी:

=इफ(व्हीलुकअप(ए२,दर!ए:सी,३,फॉल्स)="","",व्हीलुकअप(ए२,दर!ए:सी,३,फॉल्स))

खरं ० असेल तर ते तसंच येतं, कारण ० हे "" च्या बरोबर नाही. २०२१ ची आवृत्ती किंवा ३६५ असेल तर दोनदा लिहायची गरज नाही:

=लेट(क्ष,व्हीलुकअप(ए२,दर!ए:सी,३,फॉल्स),इफ(क्ष="","",क्ष))

(क्ष च्या जागी कुठलंही छोटं नाव द्या.) एक्सलुकअपचा चौथा भाग "सापडलं नाही तर" यासाठी आहे, "सापडलं पण रिकामं आहे" यासाठी नाही. तिथेही ० च येतो, म्हणून तिथेही हीच तपासणी लागते. फिल्टर फंक्शनने काढलेल्या यादीतही रिकाम्या जागी ० दिसतात.

समइफला निकष सेलमधून दिला असेल आणि तो सेल रिकामा असेल, तर तो ० समजला जातो आणि रिकाम्या नावाच्या ओळी जुळत नाहीत. तिथे &"" योग्य आहे: =समइफ(ए२:ए१००,एफ१&"",सी२:सी१००). एकच युक्ती, एका जागी घातक, दुसऱ्या जागी बरोबर.

---

शीट्स_नित्य

गूगल शीट्स वापरणाऱ्यांसाठी तीन फरक.

इफमधला भाग मोकळा सोडला तर शीट्स खरा रिकामा सेल देतं: =इफ(ए२="",,बी२*सी२). दोन स्वल्पविराम एकापुढे एक. पुढे त्यावर बेरीज-वजाबाकी केली तर ० धरलं जातं, #व्हॅल्यू! येत नाही. हीच फाइल एक्सेलमध्ये उघडली की त्याच फॉर्म्युल्याला ० येतो. फाइल दोन्हीकडे फिरणार असेल तर "" च वापरा.

पूर्ण कॉलमला एकच फॉर्म्युला द्यायचा तर =ॲरेफॉर्म्युला(इफ(ए२:ए="",,बी२:बी*सी२:सी)). इथे "" टाकलं तर शीटच्या तळापर्यंत प्रत्येक सेलमध्ये शून्य लांबीचा मजकूर बसतो आणि काउंटए तेवढे सगळे मोजतं.

तिसरं, =ए१ आणि व्हीलुकअप शीट्समध्ये रिकाम्याला रिकामंच दाखवतात, ० नाही. एक्सेलमधून आलेल्या माणसाला हे सुखाचं वाटतं आणि परत जाताना तोच माणूस अडकतो.

---

मुक्त_तक्ता

लिब्रेऑफिस कॅल्कमध्येही "" मध्ये आकडा मिळवला तर मुळात #व्हॅल्यू! च येतं. टूल्स, ऑप्शन्स, लिब्रेऑफिस कॅल्क, फॉर्म्युला इथे सविस्तर हिशोबाच्या सेटिंगमध्ये "रिकामा मजकूर शून्य धरा" असा पर्याय आहे. तो चालू करू नये असं माझं मत. फाइल दुसऱ्या संगणकावर गेली की तिथलं सेटिंग वेगळं असू शकतं. फॉर्म्युल्यातच सांगितलेलं बरं.

---

नवी_शीट

फॉर्म्युल्याचा कॉलम कॉपी करून व्हॅल्यू म्हणून पेस्ट केला. आता कुठेच फॉर्म्युला नाही, सेल कोरे आहेत, तरी काउंटए सगळे मोजतंय आणि कंट्रोल+बाण प्रत्येक कोऱ्या सेलमधून खाली जातोय.

---

रकानेवाली

"" ची व्हॅल्यू पेस्ट झाली की शून्य लांबीचा मजकूर मागे राहतो. वरच्या यादीतल्या बी६ सारखाच. गो टू स्पेशलमधलं "ब्लँक्स" त्याला निवडत नाही, म्हणून तिकडून पुसता येत नाही.

एक कॉलम निवडा, डेटा टॅबवर टेक्स्ट टू कॉलम्स, आणि पहिल्याच खिडकीत फिनिश. मजकुराचे सांगाडे जातात आणि सेल खरे रिकामे होतात. एका वेळी एकच कॉलम होतो. ज्या कॉलममध्ये ००१२३ सारखे क्रमांक मजकूर म्हणून ठेवले आहेत तिथे हे करू नका, पुढची शून्यं उडतील. तिथे फिल्टर लावून फक्त "ब्लँक्स" वर टिक करा, दिसणारे सेल निवडा आणि डिलीट दाबा.

---

बेरीज_बरोबर

आणि चार्ट? लाइन चार्टमध्ये पुढच्या महिन्यांची रेघ धाडकन शून्यावर येते. फॉर्म्युला "" देतोय.

---

उभा_आडवा

चार्ट "" ला ० म्हणून काढतो. "" ऐवजी एनए() द्या, म्हणजे #एन/ए ("आकडा उपलब्ध नाही") ही एरर येते:

=इफ(काउंट(बी२:सी२)<२,एनए(),बी२*सी२)

शेवटच्या महिन्यांना #एन/ए असेल तर रेघ तिथेच थांबते. मधल्या महिन्याला असेल तर आजूबाजूचे बिंदू जोडले जातात. मध्ये फट हवी असेल तर चार्टवर राइट क्लिक, सिलेक्ट डेटा, हिडन अँड एम्प्टी सेल्स. नव्या आवृत्त्यांत तिथेच #एन/ए ला रिकामा सेल म्हणून दाखवण्याची चौकट आहे.

पण आता त्या कॉलमची बेरीज #एन/ए होईल. एक्सेल २०१० पासून =ॲग्रिगेट(९,६,डी२:डी१३) चालतं: ९ म्हणजे बेरीज, ६ म्हणजे एरर सोडून द्या. ६ सगळ्याच एरर सोडतं, त्यामुळे खरी चूकही त्यात लपेल. म्हणून चार्टसाठी वेगळा कॉलम ठेवणं मला जास्त पटतं. डी मध्ये "" वालं नेहमीचं उत्तर, ई२ मध्ये =इफ(डी२="",एनए(),डी२), चार्ट ई वरून, बेरीज डी वरून. #एन/ए चे सेल डोळ्यांना खुपत असतील तर कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये =इझएनए($ई२) आणि अक्षरांचा रंग पांढरा.